कोऱ्या टॅबचा कैवार कशाला?

सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने लागलेल्या पोराला पहिल्या पंधरवड्यात एक उपदेश फुकट मिळतो. त्याने टर्मिनलच्या सेटिंग्ज उघडलेल्या दिसल्या, एखाद्या टॅबला रंग देताना तो सापडला, की टीममधला कुणी जुना-जाणता म्हणतो, ‘ही रंगरंगोटी सोड. जसं आलंय तसं वापरायला शीक. कामाचा माणूस कोऱ्या टर्मिनलवर काम करतो.’ पोरगं ओशाळतं, सेटिंग्ज बंद करतं आणि पुढची काही वर्षं एकसारख्या काळ्या टॅबच्या रांगेत डोळे ताणत बसतं. यथावकाश ते स्वतःच जुनं-जाणतं होतं आणि हाच उपदेश पुढच्याच्या गळ्यात मारतं.

हा उपदेश चुकीचा आहे. पण त्याच्यामागचे मुद्दे पोकळ नाहीत, म्हणून आधी ते नीट मांडू. पहिला मुद्दा वेळेचा: सेटिंग्जच्या नादी लागलेला माणूस काम बाजूला ठेवून कॉन्फिग फाइल कुरवाळत बसतो. दुसरा परक्या मशीनचा: रात्री दोन वाजता ज्या सर्व्हरवर लॉगइन कराल तिथे तुमची लाडकी मांडणी नसेल, आणि हात अडखळतील. तिसरा तत्त्वाचा: टर्मिनलने अक्षरं दाखवावीत, टॅब आणि विंडो सांभाळणं हे त्याचं कामच नाही, त्यासाठी विंडो मॅनेजर आहे, टीमक्स आहे. तिन्हींत तथ्य आहे. पण तिन्ही भलत्या जागी चिकटवलेले आहेत, आणि त्यांच्या बेरजेतून काढलेला ‘म्हणून टॅबला हात लावू नका’ हा निष्कर्ष तर धोकादायक आहे.

मुळात हे कोरं टर्मिनल आलं कुठून? डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ साली बाजारात आलं. ८० स्तंभ, २४ ओळी, एक पडदा, एक कीबोर्ड आणि मागून निघणारी एक तार. ती तार ज्या संगणकाकडे गेलेली, त्याच्यावर काम. आपण कुठे आहोत हा प्रश्न सहसा पडायचाच नाही. १९८४ मध्ये लिहायला घेतलेला एक्सटर्म अशाच पडद्याची नक्कल करतो, आणि त्याला आजही टॅब नाहीत. आता आपल्या लॅपटॉपवरची एक खिडकी पाहा. दोन टॅब स्वतःच्याच फोल्डरांत, एक टेस्ट सर्व्हरवर, एक स्टेजिंगवर, दोन प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर, आणि एक कशासाठी उघडला होता ते आता आठवत नाही. सगळ्यांचा रंग एक, फॉन्ट एक, कर्सरचं लुकलुकणं एक. जुन्या माणसांना ज्या साधेपणाचं कौतुक आहे, तो त्या एका तारेचा होता. तार केव्हाच गेली. उरलं ते नुसतं सारखेपण, आणि सारखेपणाला साधेपणा म्हणणं ही फसवणूक आहे.

या फसवणुकीची किंमत किती असू शकते, ते गिटलॅबला विचारा. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे काय घडलं हे त्या कंपनीनेच नंतर सविस्तर जाहीर केलं, आणि त्याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं. त्यांच्या पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर होते: एक मुख्य, दुसरा त्याची सतत प्रत ठेवणारा. त्या संध्याकाळी भार वाढला आणि प्रतीचं काम मागे पडलं. ते नव्याने सुरू करायचं तर दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर आधी रिकामं असावं लागतं. रात्री उशिरापर्यंत झगडणाऱ्या एका इंजिनिअरने ते पुसण्याची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी डेटा गेलेला होता. दोन सर्व्हरांच्या नावांत फरक होता एका आकड्याचा: एकाच्या सुरुवातीला ‘डीबी१’, दुसऱ्याच्या ‘डीबी२’, पुढचं सगळं तेच. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणाने काढलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून साइट पुन्हा उभी केली. मधल्या वेळातले सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांना फटका बसला.

इथे लगेच उत्तर येतं, ‘तिथे खरा दोष बॅकअपचा होता.’ होताच. रोजचे बॅकअप बनतच नव्हते आणि ते बिघडल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. पण बॅकअप हा हात चुकल्यानंतरचा इलाज झाला. हात चुकूच नये म्हणून काय? गिटलॅबने पुढे करायच्या कामांची जी यादी जाहीर केली, तिच्यात एक काम असंही होतं: सगळ्या सर्व्हरांचा प्रॉम्प्ट असा बदलायचा की आपण कोणत्या मशीनवर आणि कोणत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहोत ते ठळक दिसावं. ज्यांनी एवढा मार खाल्ला त्यांनी ‘रंगरंगोटी’ला कामाच्या यादीत जागा दिली. मार न खाल्लेले मात्र अजून उंटावरून शेळ्या हाकताहेत.

‘मग प्रॉम्प्ट बदला की, टॅबचं कुठे काढलंत?’ प्रॉम्प्ट बदलाच. पण तो दिसतो कमांड संपल्यावर. लॉग वाहता ठेवला, टॉप चालवलं, व्हिममध्ये फाइल उघडली, की प्रॉम्प्ट पडद्यावरून गेला. शिवाय तो टॅबच्या आत असतो. आपण चुकीच्या ठिकाणी आलो हे आत आल्यावर कळतं, तेही नजर त्या ओळीवर गेली तर. टॅबची पाटी बाहेर असते; जिथे अजून गेलेलो नाही त्या टॅबचीही दिसते. आणि पार्श्वभूमीचा रंग तर वाचावाही लागत नाही. थकलेला माणूस वाचत नाही, तो नुसता पाहतो. मांडणी करायची ती त्या थकलेल्या माणसासाठी.

रेल्वेच्या जुन्या सिग्नल केबिनीत लोखंडी लिव्हरांची रांग असते. सगळे एका घडणीचे, एका उंचीचे, हाताला सारखेच लागणारे. म्हणूनच ते रंगवलेले असतात: थांब्याच्या सिग्नलचा लाल, सांध्यांचा काळा, कुलपाचा निळा, वापरात नसलेला पांढरा. एखाद्या रुळावर गाडी उभी असेल तर त्या लिव्हरवर एक कडं चढवून ठेवतात, म्हणजे विसरून हात गेला तरी तिथे अडावा. खरा केबिनमन बिनरंगी लिव्हरवर काम करतो, असं त्या केबिनीत कुणी म्हणत नाही. तिथली माणसं नवशिकी नसतात, रंग त्यांच्याकरताच असतो. रोज तेच काम करणाऱ्याचा हात डोक्याच्या आधी पोचतो.

टर्मिनल लिहिणाऱ्यांनाही हे पटलेलं दिसतं. ग्नोमचं ‘कन्सोल’ हे टर्मिनल २०२२ मध्ये ग्नोम ४२ सोबत मुख्य संचात आलं. त्यात सेटिंग्ज जवळपास नाहीतच. कोरेपणाच्या कैवाऱ्यांनी डोक्यावर घ्यावं असं ते आहे. पण त्यातही तुम्ही रूट झालात की खिडकीची वरची पट्टी लाल होते आणि एसएसएचने दुसऱ्या मशीनवर गेलात की जांभळी. म्हणजे ज्यांनी बाकी सगळं काढून टाकलं त्यांनीही एवढं ठेवलं. अर्थात त्या जांभळ्या पट्टीलाही एक गोष्ट कळत नाही: पलीकडचा सर्व्हर सरावाचा आहे की लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवणारा. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. कुठलाही डिफॉल्ट ते ओळखू शकत नाही, म्हणून ते तुम्हालाच लिहावं लागतं.

आता परक्या मशीनचा मुद्दा. यात सरळ सरळ घोटाळा आहे. टर्मिनल हा प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवर चालतो. सर्व्हरवर चालतो तो शेल. टॅबचे रंग, त्यांची नावं, त्यांच्यात उड्या मारण्याची बटणं ही एसएसएचबरोबर कुठे जात नाहीत आणि मागेही राहत नाहीत. कोणत्याही सर्व्हरवर जा, ज्या खिडकीतून पाहता ती तुमच्याच टेबलावर असते. ‘सवय मोडेल’ हा इशारा खरा आहे तो सर्व्हरवर राहणाऱ्या गोष्टींबाबत. व्हिमची मूळ बटणं पाठ असावीत, शेलला शंभर टोपणनावं शिकवून पंगू होऊ नये, दहा जणांच्या सर्व्हरवर टीमक्सचं कंट्रोल-बी बदलून कंट्रोल-ए करू नये, हे सगळं मान्य. पण तोच न्याय टॅबला लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

तिसरा मुद्दा जास्त चतुर आहे, कारण तो तत्त्वाची झूल पांघरून येतो. एका प्रोग्रॅमने एकच काम करावं, ही युनिक्सची शिकवण. अलाक्रिटी हे २०१७ साली जाहीर झालेलं टर्मिनल याच शिकवणीवर उभं आहे: स्वतःचे टॅब नाहीत, खिडकीचे विभाग नाहीत, ते विंडो मॅनेजरने किंवा टीमक्ससारख्या मल्टिप्लेक्सरने पाहावं. दुसरं टोक किटीचं. कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर लिहिणारे कोविद गोयल यांनीच किटीही लिहिलं. मल्टिप्लेक्सर शक्यतो वापरूच नये, ही त्यांची जाहीर भूमिका आहे, आणि टॅब, विभाग, मांडण्या हे सारं त्यांनी टर्मिनलच्या आतच दिलं. दोन्ही बाजूंचे अनुयायी एकमेकांशी तावातावाने भांडतात. माझ्या मते दोघंही दोन वेगळ्या कामांना एक समजतात.

टीमक्सचा मोठेपणा टॅब दाखवण्यात नाही, सेशन जिवंत ठेवण्यात आहे. टॅब बंद झाला किंवा वायफाय जाऊन एसएसएच तुटलं, की शेलला हँगअपचा सिग्नल जातो आणि चार तास चाललेलं डेटाबेसचं मायग्रेशन शेलबरोबर मरतं. तेच काम सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये चालू असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. पुन्हा लॉगइन करायचं आणि जोडून घ्यायचं. जीएनयू स्क्रीन १९८७ पासून हे करत आला, टीमक्स २००७ पासून करतो, आणि लॅपटॉपवरच्या कुठल्याही टॅबला हे जमणार नाही. मात्र त्याच टीमक्सला लॅपटॉपवर टॅबच्या जागी राबवलं की दुखणी सुरू होतात. आत टीमक्स, बाहेर टीमक्स. आतल्याला हुकूम द्यायचा तर कंट्रोल-बी दोनदा. शेजारी-शेजारी दोन विभाग केले आणि माउसने एकातली ओळ उचलायला गेलात की दुसऱ्यातली ओळही चिकटून येते. मागे सरकून पाहायचं तर टर्मिनलचं स्क्रोलिंग उपयोगाचं नाही, टीमक्सचं वेगळं शिकायचं, आणि त्याची मुळातली मर्यादा २,००० ओळींची. या सगळ्यावर उपाय आहेत, हे खरं. पण ते सगळे टीमक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहावे लागतात. म्हणजे कॉन्फिग टाळायला निघालेला माणूस जास्तच मोठं कॉन्फिग घेऊन परततो.

मराठी माणसाला यातला एक फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ग्नोम टर्मिनलच्या टॅबचं नाव देवनागरीत ‘प्रॉडक्शन’ असं ठेवा. टॅबची पट्टी अक्षरांच्या जाळ्याबाहेर, बाकी डेस्कटॉपसारखीच रंगवली जाते, त्यामुळे जोडाक्षरं नीट जुळतात. तेच नाव टीमक्सच्या खालच्या पट्टीत लिहा. ती पट्टी एकेक घर मोजून भरली जाते. कोणत्या अक्षराला नि कोणत्या मात्रेला किती घरं द्यायची याबद्दल टीमक्स आणि टर्मिनल यांचं एकमत नसलं, की जोडाक्षर फुटतं, वेलांटी भलतीकडे जाते आणि शेजारचं नावही सरकतं. टॅब काढण्याचं काम खिडकीचं आहे, हे यातून जितकं कळतं तितकं तत्त्वचर्चेतून कळणार नाही. कामाची वाटणी सोपी आहे: लॅपटॉप बंद केल्यावरही जे चालू राहायला हवं ते सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये, डोळ्यांसमोर जे वेगळं दिसायला हवं ते टॅबमध्ये. अलाक्रिटीनेही पुढे मॅकवर तिथल्या सिस्टिमचे टॅब वापरायची सोय दिली. तत्त्व पाळूनही टॅबची गरज संपत नाही, हे त्यांनाही दिसलं असणार.

या सगळ्यात एक आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो, आणि कोरेपणाचे कैवारी तोच नेमका घेत नाहीत. टॅबची पाटी खोटं बोलू शकते. पाटी बदलते ती एका छोट्या एस्केप सीक्वेन्सने, आणि तो कुणीही पाठवू शकतो: तुमचा शेल, पलीकडचा सर्व्हर, आत चाललेला एखादा प्रोग्रॅम. उबुंटूवर बॅशची जी फाइल मुळातच मिळते, तिच्या प्रॉम्प्टमध्ये हा सीक्वेन्स घातलेला असतो. म्हणून तुम्ही टॅबला हौसेने नाव द्यावं आणि पुढचा प्रॉम्प्ट येताच ते पुसून तिथे युजर, मशीन आणि फोल्डर यावं, असं होतं. बहुतेक लोक इथेच वैतागून नाद सोडतात. उलटा प्रकार जास्त घातक. सर्व्हरने स्वतःची पाटी लावली, तुम्ही तिथून बाहेर पडलात आणि तुमच्या लॅपटॉपवरचा शेल पाटी बदलणारा नसला, तर जुनी पाटी तशीच लटकत राहते. ‘टेस्ट’ची पाटी मिरवणाऱ्या अशा टॅबमधून कुणी प्रॉडक्शनवर गेला, तर कोरी पाटी परवडली म्हणायची वेळ येईल.

पण म्हणून पाटीच काढून टाकायची नसते. ती कुणी लावायची हे ठरवायचं असतं. प्रॉडक्शनसाठी टर्मिनलमध्ये एक वेगळं प्रोफाइल करा. पार्श्वभूमी गडद लाल. शेलऐवजी थेट एसएसएचची कमांड चालव, असं त्या प्रोफाइलला सांगा, आणि कमांड संपली की टॅब बंद कर, हेही सांगा. ग्नोम टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये या दोन्ही सोयी आहेत. आता लाल टॅब म्हणजे प्रॉडक्शन, आणि प्रॉडक्शनमधून बाहेर पडलात की लाल टॅबच उरत नाही. लॅपटॉपवरच्या साध्या शेलमध्ये असताना लाल रंग दिसणं शक्यच राहत नाही. नियम एकच पाळायचा: प्रॉडक्शनला जायचं ते याच दाराने, साध्या टॅबमधून एसएसएच टाइप करून नाही. विंडोज टर्मिनलमध्ये टॅबचा रंग आणि नाव प्रोफाइलमध्ये ठरवता येतं, आणि आतल्या प्रोग्रॅमने पाठवलेलं नाव धुडकावण्याची सेटिंगही आहे. फिरत्या, कामचलाऊ टॅबांना मात्र पक्कं नाव देऊ नका. तिथे दर प्रॉम्प्टला शेललाच खरं काय ते लिहू द्या.

राहिला वेळेचा मुद्दा. लाल प्रोफाइल करायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्यापुढे करण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. नवा टॅब आधीच्याच फोल्डरमध्ये उघडावा. नाहीतर माणूस दिवसभर तोच लांबलचक मार्ग टाइप करत राहतो. रोज लागणारे टॅब ठरलेल्या क्रमाने एकदम उघडावेत. मॅकच्या टर्मिनलमध्ये विंडोंचा गट साठवता येतो, किटीला सेशनची फाइल देता येते, विंडोज टर्मिनल एकाच कमांडमध्ये टॅब आणि विभाग मांडून देतं. क्रम पक्का असला की तिसरा टॅब म्हणजे लॉग, हे हाताला पाठ होतं. आणि आत काही चालू असताना टॅब बंद करताना येणारा प्रश्न त्रासदायक वाटला तरी बंद करू नये. शेलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू मागचा शब्द खोडतं आणि ब्राउझरमध्ये टॅब मिटवतं; दिवसभर दोन्हीकडे वावरणाऱ्याची बोटं कधी ना कधी गल्लत करणारच. हे झालं की थांबावं. पारदर्शक पार्श्वभूमी, धूसर काच, दर आठवड्याला नवी थीम, फॉन्टांची मिरवणूक यांची जुन्या माणसांनी खुशाल टिंगल करावी. मीही त्यांच्यात सामील होईन. पण दाढी वाढली म्हणून मान कापायची नसते.

शिवाय ही एकट्याच्या आवडीची बाब उरलेली नाही. रात्री सर्व्हर पडतो, कॉलवर पाच माणसं जमतात, एक जण स्क्रीन शेअर करून कमांडा देतो आणि बाकीचे पाहतात. त्या चौघांच्या डोळ्यांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा त्यांना दिसेल की समोरचा कुठे उभा आहे. कोऱ्या काळ्या टॅबमध्ये काही दिसत नाही. पुसण्याची कमांड टाइप होताना सगळे माना डोलावतात. संपूर्ण टीमने एकच रंग ठरवला, ती प्रोफाइलं टीमच्या रिपॉझिटरीत ठेवली आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दिली, तर लाल पट्टीवर चुकीची कमांड उमटताना पाचांतला एक तरी ‘थांब’ म्हणेल. नव्या पोराला उपदेश करायची हौस असलेल्यांनी त्याला ही फाइल द्यावी. ती त्याच्या जास्त उपयोगाची आहे.

एवढ्यावरही ज्याला कोरं टर्मिनलच पुरेसं वाटतं, त्याची एक साधी परीक्षा घ्यावी. त्याच्या उघड्या खिडकीकडे बोट दाखवून विचारावं, ‘यातले प्रॉडक्शनचे टॅब कोणते?’ अट एकच: कुठल्याही टॅबमध्ये शिरायचं नाही, एंटर दाबायचा नाही. त्याने अचूक सांगितलं, तर त्याने कुठे ना कुठे मांडणी केलेलीच आहे, फक्त ती डोक्यात ठेवली आहे आणि रात्री दोन वाजता ती तिथेच असेल असा त्याचा भरवसा आहे. सांगता आलं नाही, तर वाद तिथेच संपला.